मुराळ्याची गाडी

धुळे, ५ एप्रिल २०२५

ती. रत्नाअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सासरी फोन स्पीकरवर टाकून सगळं घर ऐकतं, म्हणून पत्र. मी स्पोर्ट्‌स बाइक घेतोय. शोरूममधला हेमराज पिकअपवर बोलतो, मित्र ब्रेकवर, आणि सगळे मिळून माझ्या उंचीवर. तुझ्या मते काय बघावं? यंदा आखाजीच्या सणाला तुला माहेरी न्यायला मी स्वतः येणार आहे.

तुझा धाकटा,
ललित

फैजपूर, १० एप्रिल

चि. ललित यास अनेक आशीर्वाद.

गेल्या दोन्ही आखाजींना तू मला एसटीने ये म्हणालास. न्यायला भाऊ मुराळी म्हणून आल्याशिवाय सासूबाई सुनेला माहेरी पाठवत नाहीत. मी इथेच सांजोऱ्या तळत बसले आणि गल्लीतली एकेक बाई येऊन, भाऊ नाही आला का, असं विचारून गेली. मला फार वाईट वाटलं, तुला कळावं म्हणून लिहिते.

गाडीचं म्हणशील, तर ब्रेक बघ, पाय जमिनीला टेकतात का बघ. पण सगळ्यात आधी मागची सीट बघ. तिथे साडी नेसलेलं माणूस बसणार आहे.

आईला जप, मला विसरू नकोस.
रत्ना

धुळे, १८ एप्रिल

ती. अक्कास सा. न.

गाडी घेतली. पाय टेकतात, ब्रेक उत्तम. मग मागे आईला बसवून चौकापर्यंत नेलं. हे आधी करायला हवं होतं. सीट उंच आहे आणि पोळपाटाएवढी. उतरल्यावर आई म्हणाली, "आठे धराले काहीच नही." धरायला काही नाही म्हणे; तिने माझा गळा धरला होता, ते तिला आठवत नाही.

तू पंजाबी ड्रेस घाल. हेल्मेट मी आणतो. नक्की येतो.

राग उरला असेल तर भेटीत काढ.
ललित

फैजपूर, १२ मे

चि. ललितला आशीर्वाद.

परत येताना तुझे दाजी एसटीने घेऊन आले, बरं झालं. कंबर अजून दुखते. सीट वाईटच आहे.

पण सगळ्यात महत्त्वाचं काय, ते मी तुला चुकीचं कळवलं होतं. तू गल्लीत शिरलास तेव्हा त्या गाडीचा असा काही आवाज झाला की समोरच्या मोनालीचं झोपलेलं बाळ रडत उठलं आणि दोन्हीकडच्या बायका ओट्यांवर आल्या. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यासुद्धा दारात आल्या. आमच्या रत्नाचा भाऊ आहे, तिला न्यायला आलाय, असं त्या प्रत्येकीला ओरडून सांगत होत्या. निघताना मला रडू आलं. हेल्मेट होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

आवाज कमी करून घेऊ नकोस. आईला नमस्कार सांग, माया अशीच राहू दे.

तुझी,
रत्नाअक्का