इकडची काडी तिकडे

८ जुलै, मंगळ.
मायचा रिपोर्ट. साखर काठावर. डॉ. म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण वाट तीच धरली आहे. गोळी आत्ता नको, तीन महिने पाहू. मग विचारलं, "दिवसभर काय करतात या?" मी तोऱ्यात सांगितलं, "काही नाही सर. मी इकडची काडी तिकडे करू देत नाही त्यांना." डॉ. माझ्याकडे पाहत राहिले. "तेच तर," म्हणाले.
बसून बसून अंगातलं मांस उतरतं, आणि खाल्लेली साखर खपते ती बरीचशी त्या मांसातच, असं काहीसं. चालणं हवंच, पण नुसतं चालून भागायचं नाही. वजन उचलायला लावा.
ऑटोत मायनं विचारलं, "काय म्हणे डॉक्टर?" मी म्हटलं, गोड कमी कर. बाकीचं तोंडातून निघालंच नाही.

९ जुलै, बुध.
शिरपूरला शाळेत जाताना बसमध्ये तेच डोक्यात. वर्गात लक्ष नाही, फळ्यावर कालचीच तारीख लिहिली. पोरं हसली.
मायनं विटा वाहिल्या, चाऱ्याचे भारे वाहिले, तेव्हा माझं डी.एड. झालं. बाबा गेल्यावर तिला वाशीमला माझ्या घरी आणलं, आणि पहिल्याच दिवशी हातातली बादली काढून घेतली. "आता तुह्या डोक्श्यावर वझं नाई, माय." तिनं ते विहारात सगळ्या बायांना सांगितलं. मले लय बरं वाटलं होतं.
खरं लिहायचं तर निम्मं तिच्यासाठी, निम्मं लोकांसाठी. लेकीच्या, म्हणजे जावयाच्या घरी राहते ती. कोणी म्हणू नये की मास्तरणीनं फुकटची बाई ठेवली. म्हणून बसवली. बसवून बसवून हे असं झालं.

१३ जुलै, रवि.
शेवटी यांनीच सांगितलं. "मामी, डॉक्टरनं वजन उचलायला लावलंय तुम्हाला." माय आधी हसली. मग माझ्याकडे वळून, "जल्मभर वझंच उचललं. लेक मास्तरीण झाली, आता तरी सुटलं म्हटलं. तरी वझंच का व?"
जेवायला बसली, पण मी वाढायला गेले तर म्हणे, "राहू दे, घेतो माह्या हातानं."

१९ जुलै, शनि.
दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईकडे नेलं. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं, बसायचं. भिंतीला दोन्ही हात लावून रेटायचं. पाण्याच्या बाटल्या हातात धरून कोपरातून वर घ्यायच्या, पुढे जमेल तसं वजन वाढवायचं. श्वास कोंडायचा नाही. डोक्यावर मात्र काही घ्यायचं नाही, मानेला त्रास.
माय म्हणे, "हातात धरून कायचं वझं? वझं थे डोक्श्यावर." बाई हसली, मीही.
मग मायनं बाटली उचलली अन् तिचा हात लटलट कापायला लागला. याच हातानं विटा... मी पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर गेले.
घरी येऊन जुन्या जीन पँटच्या पायांच्या दोन पिशव्या शिवल्या. रेती भरली. मायनं शिवण दाबून पाहिली. "टाका बारीक घाल, सांडन सारी." म्हणजे करणार आहे.

३ ऑगस्ट, रवि.
रोज सकाळी करते. मी डबा भरते, ती उठबस करते, मग रेतीच्या पिशव्या. तोंडानं पुटपुट चालूच. कोपऱ्यात ठेवलेल्या पिशव्यांना ती "माह्या म्हशी" म्हणते.
आज विचारलं, "दार काहून लावतं व रोज?" मी म्हटलं, हवा येते. घरात जीव उकडून राह्यला होता. समोरच्या काकूंना दिसू नये म्हणून लावते, हे तिला कळत नसेल का?

२४ ऑगस्ट, रवि.
मावशी आली गावाहून, डोळे तपासायला. मायची धाकटी बहीण. ती यायच्या आधी मी पिशव्या पलंगाखाली लोटल्या. मायनं पाहिलं.
दुपारी माय पाण्याची कळशी उचलायला उठली. मी धावत जाऊन हातातून घेतली. विचारच केला नाही, सवयीनं हात गेला. मावशी म्हणे, "पाह्य, लेक असावी त अशी. माहा पोरगा मले अजूनबी सोयाबीनात धाडते."
मायनं एकदा माझ्याकडे पाहिलं अन् बसली.
मले घडीभर बरंच वाटलं, मावशीचं ऐकून. लिहितानाही लाज वाटते. चांगली लेक दिसायसाठी मायले खाली बसवलं मी, डॉ.नी सांगूनही.

२८ ऑगस्ट, गुरु.
मावशी परवाच गेली. पिशव्या पलंगाखालीच. आज मी ओढून काढल्या तर माय म्हणे, "राहू दे तिथंच. लोकाइपासून लपवाचं असन त कराचं कायले? चोरी हाये का?"
बस चुकेल म्हणून निघाले. बसला वेळ होता.

३१ ऑगस्ट, रवि.
अजून नाहीच. दिवसभर खिडकीशी बसून राहते. जेवण झालं की तिथंच डुलकी. हे म्हणाले, "तू बोल ना." काय बोलू? आधी लाडानं बसवली, मग लाजेनं. दोन्हीही मीच.

७ सप्टें., रवि.
आज दार सताड उघडं टाकलं आणि पिशव्या मीच उचलल्या, मायच्या समोर बसून. थोड्याच वेळात दंड भरून आले. साडीत काही कळत नाही, पण माझीही कंबर सुटली आहे. डॉ. तेव्हाच म्हणाले होते, आईला आहे म्हणजे तुम्हीही तपासून घ्या. अजून घेतलं नाही.
माय पाहत होती. मग म्हणे, "कोपर आंगाले लाव. दमली व मास्तरीण." उठली, माझ्या हातातून पिशव्या घेतल्या. मी घेऊ दिल्या.
काकू दारात डोकावल्या. डॉ.नीच लावलंय, असं सांगायचं होतं त्यांना. सांगितलं नाही.

२१ सप्टें., रवि.
पिशव्यांत आणखी रेती भरली. माय जमिनीवरून हात न टेकता उठली आज, अन् मले ते पुन्हा करून दाखवलं. चहा बिनसाखरेचा घेते, तोंड वाकडं करून. मात्र मधले ते दिवस वाया गेले ते गेलेच. ते माझ्या नावावर.

५ ऑक्टो., रवि.
उद्या रक्त द्यायचं. उपाशीपोटी. जुना रिपोर्ट सकाळपासून दोनदा काढून पाहिला.
दळण आणायला गिरणीवर गेलो दोघी. मी पिशवीला हात घातला तर माय म्हणे, "सोड." पीठ दोन पिशव्यांत सारखं करून घेतलं, दोन्ही हातांत एकेक, अन् निघाली. मी मागून. गल्लीत सगळ्या बाया दारात बसलेल्या. मोकळ्या हातांचं काय करावं सुचेना, पदरच खोचत राहिले.
काकूंनी विचारलंच. "काहून व मास्तरीणबाई, मायच्या हातात वझं अन् तुमी रिकाम्या?"
माय थांबली नाही. चालता चालताच म्हणे, "तिनं उचलू नाई दिलं म्हणून त दवाखाना पाह्यला. आता उचलू देते."
बोल लावला की पाठीशी घातलं, मले अजून कळलं नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात.
घरी येऊन पिशव्या ओट्याजवळ ठेवल्या, टेकली, दम घेतला. मग म्हणे, "उद्या रिपोर्ट कसाबी निंगो. जिवाले लावून घेऊ नोको." मी म्हटलं, बरं. लागलेलंच आहे, हे सांगितलं नाही.
पीठ डब्यात मी ओतलं. तेवढं तिनं करू दिलं.