ताणावरची बाग

३ एप्रिल १९५१
चाळीस पोरं बाकावर तळहात आपटत भुजंगप्रयात म्हणायची, तो आवाज आज पुन्हा कानात घुमला. आम्ही आलो तेव्हा विहिरीवर मोट चालू होती आणि चाकाची कुरकुर बरोबर त्याच ठेक्यात होती. लघु, गुरू, गुरू. वैजापूरच्या शाळेत निजामी अंमलात मराठीला दिवसाचा एक तास, तोही जेवणानंतरचा, पेंगायचा. पण माझ्या तासाला वरचे पत्रे थरथरत. पुढं पोलीस ॲक्शन झाली, शाळेत मराठीचं राज्य आलं, आणि मला पेन्शनीत काढलं. असो.

जागा मात्र झकास आहे. हर्सूलच्या वाटेवर काकासाहेबांची मोसंबीची बाग, आणि तिच्या मधोमध दोन खोल्यांचं कौलारू घर. काकासाहेबांच्या पोरांना मी शिकवलं होतं. पोरं दगड ती दगडच राहिली, पण बापाला जाण आहे. ठरलं असं की मी बागेवर नजर ठेवायची, आणि मिरगाला बहार नीट फुटला तर मी आणि सारजाबाई मरेपर्यंत इथंच राहायचं. मूलबाळ नसलेल्या माणसांना याहून काय हवं? सारजाबाईनं आल्या आल्या अंगण सारवायला घेतलं. मला म्हणाली, तुम्ही बसा कविता करत, तेवढंच शेण वाचेल.

९ एप्रिल
आजपासून बाग ताणावर. म्हणजे पाणी तोडायचं. झाडं पार मलूल होऊ द्यायची, मग मिरगाला पाणी मिळालं की ती फुलांनी लदबदतात. काकासाहेब स्वतः बजावून गेले की तोवर एक थेंब मुळाशी गेला तर बहार गेला, आणि तुमचं घरही गेलं.

मोट हाकणारा मल्हारी धनगर शेजारच्या पडिकात मेंढरं बसवतो. त्यानं मला मंगू दाखवला. वहीचा कोरा कागद धरून वर पान झटकलं, तर तांबडे ठिपके पडले आणि चालू लागले. कोळ्याच्या जातीचे, पण खसखशीच्या दाण्याहून बारीक. पानांचा रस पितात, आणि त्यांच्यामुळं फळाची साल गंजल्यासारखी होते. मी अंगठा फिरवला, ठिपक्यांची रेघ झाली. इतक्या फडतूस जिवाला नाव तरी कशाला ठेवायचं? मल्हारी म्हणाला, मास्तर, एखादी कविता म्हणा, लाजून मरतील. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास लई येतो. तरी एक ओळ सुचली:
किती क्षुद्र हा कीटकांचा पसारा
दुसरी उद्या.

२२ एप्रिल
दुसरी ओळ नाही. बाग धुळीनं आणि जाळ्यांनी करडी झाली आहे. शेंड्यांवर लोंबणाऱ्या जाळ्यांत ते गर्दी करून बसतात, आमच्या काकासाहेबांच्या सोयऱ्यांसारखे, काम नाही, धाम नाही, नुसतं शोषायचं.

आज सारजाबाईनं लुगडं धुऊन वाळत घातलं होतं. ते हिरवं होतं, घटकाभरानं तांबडं दिसलं. तिनं झटकलं तर तांबडा थर जमिनीवर पडला आणि घराकडं सरकला. माठावरच्या ओल्या फडक्यावरही तेच. ती म्हणाली, झाडात पाणी राहिलं नाही म्हणून ते आपल्याकडं आलेत, एक पाळी द्या पाण्याची. मी म्हटलं, किड्यांच्या तहानेसाठी राहतं घर घालवू? ती हसली. म्हणाली, तुमच्यावर एकही चढत नाही, ओलच उरली नाही तुमच्यात.

४ मे
मल्हारीची एक मेंढी मेली. डोळ्यांत, नाकपुड्यांत तांबडी पेंड भरल्यासारखं दिसत होतं. त्यानं बैल सोडले, मेंढरं हाकली आणि जाताना मला ऐकवलं, मास्तर, घर लई गोड लागतंय, पण आतून कोण खातंय ते बघा. अडाणी माणूस. मेंढराच्या रोगाला कवीपणा चिकटवतो.

सकाळी सारजाबाईच्या पापण्या उघडेनात. पाण्यानं पुसायला गेलो तर ती ओरडली, पाणी नको. कोरड्या फडक्यानं किडे टिपून काढले. मग ती शांतपणे म्हणाली, झाडांना पाणी द्या, नाहीतर मी कन्नडला पुंजारामाकडं जाते. पुंजाराम तिचा धाकटा भाऊ, गुळाच्या दलालीतला, वृत्त म्हणजे बातमी समजणारा. मी म्हटलं, जा. डोळ्यानं धड दिसत नाही अशा प्राण्याला भिऊन मी घर सोडत नाही.
दुपारच्या मोटारीनं गेली. तिचं बोचकं मी उचललंसुद्धा नाही.

९ मे
माठात बोट बुडवलं तर साय मोडावी तसा थर मोडला. पाणी ओतून टाकलं. जिथं ओतलं तिथं जमीन हलत होती.

एक चमत्कारिक गोष्ट. काल इथं लिहिलेला परिच्छेद गेला आहे. अक्षरं होती तिथं नुसते टाकाचे ओरखडे. आत्ता समोर बघतोय, ओल्या शाईवर येतात. ‘पाणी’ लिहिलं की आधी तिथं येतात असं वाटलं, पण तो माझा भ्रम. त्यांना वाचता कुठलं येतंय? काकासाहेबांच्या पोरांना नाही आलं.

११ मे
हरलो. पाणी द्यायला निघालो होतो. घर गेलं तरी चालेल म्हटलं. बैल नाहीत, म्हणून दोरानं बादली सोडली. विहिरीच्या तोंडावर जाळं — बादली त्यावरच राहिली, खाली गेलीच नाही. घाम फुटला होता मला. झाडांवरून ते पडायला लागले, धान्य ओतल्यासारखे —
घरात आलो. डावा डोळा बंद. रस्त्याच्या फाट्यापर्यंत जायचं तर मधे सगळी बाग आडवी येते.
सारजा गेली ते बरं झालं. माझ्या हातून तेवढं एक बरं झालं.

१२ मे, दुपार
लिहीत राहायचं. शाई ओली तोवर ते कागदावर. थांबलो की डोळ्यावर.
काय लिहू — काहीही. लघु गुरू गुरू. लघु गुरू —
दौत तळाला आली. थुंकी नाही, नाहीतर —

दार वाजलं.
मल्हारी नव्हे. तो आधी शिवी हासडतो.

सारजा. ती तर कन्नडला — म्हणते, पुंजारामाची गाडी फाट्यावर थांबलीय, तुम्हाला न्यायला आले, रुसवा पुरे. हाक मारली, घशातून आवाज नाही.
खिडकीतून दिसतेय. डोक्यावर घागर. भरलेली. हर्सूलच्या तळ्यावरून आणली म्हणते, तुम्ही नाही तर मीच घालते झाडांना. पदर चिंब.

कागद पांढरा झाला. सगळे उतरले. दाराकडं चाललेत. भिंतीवरचेही. कौलांतलेही —

सारजे टाक ती — लांब फेक — आत येऊ नको, मी कडी लावली नव्ह