दोन कान आणि एक पीळ

प्रिय भाऊ एल्डन,

यंदा व्हरमाँटमध्ये मेपलच्या झाडांना रस लवकर सुटला. रस आटवून पाक करायच्या शेडमध्ये इतकी वाफ असते की चष्मा डोक्यावरच राहतो. वरच्या उतारावरच्या मेपलांना रस काढायच्या तोट्या आता मीच ठोकते आणि दर वेळी तुझी आठवण येते. तोटीचे दोन कान तुझे, आतला पीळ माझा. कानांमुळे ती हातमोजे न काढता उपटता येते, पिळामुळे आत गोठलेला बर्फ सुटतो. तोट्या विकणाऱ्या त्या कंपनीने आपल्याला न विचारता दोन्ही उचललं. आपल्याच गावातल्या दुकानात आपल्या तोटीची नक्कल टांगली आहे.

मार्चच्या ग्रामसभेत मी कंपनीवर खटला भरायचं बोलले, तर शेजारचे क्लेव्हकाका सगळ्यांदेखत हसले. "खटला कसला भरतेस, पोरी? तुझ्या बापाने तर हे कान गावाच्या अहवालावर छापून फुकट वाटलेत!" घरी येऊन गावाचे जुने वार्षिक अहवाल उपसले. खरंच होतं. एका मुखपृष्ठावर बाबा, हातात तुझी पहिली तोटी, कान स्पष्ट. आपण पेटंटचा अर्ज केला त्याच्या दोन वर्षं आधीचा अंक. अर्जाच्या वर्षभराहून आधी ते कुठे छापलेलं असेल तर पेटंट कार्यालय ते नवं धरत नाही, हे आपल्याला माहीत होतं. पण घरोघरी फुकट येणारं हे चोपडंही त्यात मोडतं, हे गावात कुणाच्या डोक्यात येईल?

फोनवर तू म्हणालास, "थीया, गप्प बस. ते अहवाल वाचतं कोण? आपण शेगडी पेटवतो त्यांनी." मलाही ते पटलं होतं, अगदी सोयीने पटलं होतं. मग आपल्या वकीलबाई, मिसेस प्रुइट, म्हणाल्या, "क्लेव्हना आठवलं, ते कंपनीला सापडणार नाही होय?" मार्गही त्यांनीच सांगितला. मिळालेलं पेटंट मालक स्वतःच कार्यालयाला पुन्हा तपासायला देऊ शकतो: हा कागद तेव्हा तुमच्यापुढे नव्हता, आता बघा. त्यात हक्क वाढत नाही, आक्रसू शकतो. सगळाच जाऊही शकतो. पण जे उरेल, ते या फोटोला पुरून उरलेलं असेल.

आता खरं ते लिहिते. नुसत्या कानांवरचा हक्क बहुधा पडेल. टिकला तर कान आणि पीळ एकत्र, एवढाच टिकेल. म्हणजे जाणार ते तुझं, वाचणार ते माझं. हा माझा प्रामाणिकपणा आहे की धूर्तपणा, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं. उत्तर काहीही येवो, मालकी निम्मी-निम्मीच राहील. तसं मी लिहून दिलं आहे.

मुखपृष्ठाखाली बारीक अक्षरात छापलंय, 'छायाचित्र: एल्डन'. त्या बोलण्यानंतर तू माझा फोन का उचलत नाहीस, ते मला कळलं. अरे, बाबांनी तोटी अशी उंच धरली आहे जणू बक्षीस मिळालंय. दुसऱ्या कुठल्याही फोटोत ते असे हसलेले नाहीत. तो फोटो शेगडीत घालून मला खटला जिंकायचा नाही. फेरतपासणीच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. माझी झाली आहे. तुझी जागा तिच्या वरची, मोकळी ठेवली आहे.

तुझीच, अजून तितकीच हट्टी,
थीया