अक्काच्या वस्तीपर्यंत जीप

१२ जानेवारी, मलकापूर
जीप ओढ्यातच सोडून आलो. औंधाच्या पुढं, अक्काच्या वस्तीचा चढ उतरला की लागतो तो ओढा. तिच्या गुडघ्यांचे एक्स-रे फोटो काढायला कराडला आणत होतो. मागचा शाफ्ट बेरिंगपाशी मोडला आणि उजवं चाक बाहेर निघून पुढं गडगडत गेलं. वेग नव्हता म्हणून निभावलं. मागं बसलेल्या बायकोचं, मंगलचं, डोकं पत्र्यावर आपटलं, टेंगूळ आलंय. अक्का उतरली, काठी घेतली आणि त्याच गुडघ्यांनी चढ चढायला लागली. मी हाक मारली तर वळून एवढंच म्हणाली, "त्या गाडीत मी आता न्हाई बसायची, बापू."

१३ जाने.
जीप पिकअपला बांधून आणली. परड्यात उभी आहे, तीन चाकं आणि एक दगड. मंगल म्हणाली, विकून टाका. डोक्याला हळद लावून बसलीय, तिच्याशी वाद घालायची सोय नाही.

१५ जाने.
झोप नीट लागत नाही. आई गेल्यावर अक्कानं मला कडेवर वाढवलं. तिचं लग्न माझ्यापायी लांबलं. दाजी गेल्यापासून त्या माळावर ती आणि तिची शेरडं. खाली ये म्हणून कितीदा म्हटलं. तिला आता चालवत नाही, आणि तिथं दुसरी कुठलीच गाडी चढत नाही. पलटणीच्या वर्कशॉपात उभी हयात घालवून मला माझ्या बहिणीच्या दारात गाडी नेता येत नसेल तर
असो. जीप विकायची नाही.

१९ जाने., सांगली
रफीककडं. पलटणीतला जोडीदार, आता त्याचं वेल्डिंगचं दुकान. मोडका शाफ्ट हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. मग म्हणाला, "नवा शाफ्ट टाकून काय करणार, गड्या? पुन्हा मोडल. अख्खा ॲक्सलच बदल." भंगारबाजारात घेऊन गेला. जीपच्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे पुढचा आणि मागचा, दोन्ही मिळाले. मागच्यात गाडीचं वजन बाहेरच्या नळीवर येतं, शाफ्टवर नाही. शाफ्ट मोडला तरी चाक जागेवर राहतं. मला एवढंच पाहिजे.

२० जाने.
आरटीओत विचारून आलो. काम झाल्यावर गाडी दाखवायला आणा म्हणाले. मंगलनं दोन्ही ॲक्सल परड्यात मढ्यासारखे आडवे पडलेले बघितले. "कुणाला गाडायचंय का?" म्हणाली, आणि चहा ठेवायला गेली.

२७ जाने.
जुने दोन्ही काढले. बोल्ट गंजून एकजीव झालेले, तापवून तापवून सोडवले. खाली चाकं नाहीत, गाडी नुसती लोखंडी घोड्यांवर टेकवलेली. शेजारच्या पाटलांनी कुंपणावरून विचारलं, आता ही उडणार का.

३ फेब्रु.
बरं झालं आधी बघितलं. पुढचा आणि मागचा ॲक्सल सारख्याच गतीनं फिरायला पाहिजेत, नाहीतर चारी चाकांवर घेतली की गाडी स्वतःशीच भांडते. चाकाला खडूची खूण केली, मी चाक फिरवलं, मंगल पलीकडून शाफ्टचे फेरे मोजत बसली. मागचे जादा भरले. मला वाटलं हिचंच चुकलं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. ते बोलण्यापेक्षा वाईट.
रफीकला फोन. बदलून देतो म्हणाला.

११ फेब्रु.
बदललेला आला. मोजला. (मंगलनं.) जुळला.
अक्काला रोज फोन करतो. जीपचा विषय काढला की शेरडांचं सांगते. काळी व्यायला झालीय.

१६ फेब्रु.
दोन्ही ॲक्सल चढवले, पुढं-मागं स्प्रिंगचे नवे पाटे बसवले, जाडजूड. शॉकअपही नवे. गाडी बरीच वर उठली. लांबून रुबाबदार दिसते. मंगलला घेऊन उसाच्या बांधावरनं फिरवली. उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. "आवं, ह्यात वन्सं बसल्या तर गुडघे ऱ्हाऊ द्या, दातबी पडतील." खरंय. मी दगडधोंड्यांसाठी पाटे निवडले, आत कोण बसणार ते विसरलो. उद्या प्रत्येक स्प्रिंगमधला एक पाटा काढतो.

१९ फेब्रु.
आता बरी. मंगल मांडीवर दुधाची चरवी घेऊन बसली. थोडं सांडलं. पास म्हणाली.
वेग वाढला की खालून घरघर येते.

२४ फेब्रु.
घरघर गेली. गाडी उचलल्यामुळं मधला शाफ्ट तिरका झाला होता. पाट्याखाली पाचर घालून ॲक्सलचं तोंड थोडं वर केलं. तीन दिवस गाडीखाली पालथा-उताणा. अंगाला ग्रीसचा वास, मंगलनं जेवायला परड्यातच दिलं, पण शेजारी येऊन बसली.

२६ फेब्रु.
एवढ्या उंच गाडीत अक्का चढणार कशी, हे मंगलच्याच डोक्यात आलं. फोन लावून सरळ विचारलं, "वन्सं, पाय केवढा उचलतो तुमचा?" तिकडं अक्कानं बहुतेक उभ्याउभ्या पाय उचलून बघितला. मग, "उंबऱ्याएवढा. का गं?"
रफीकनं उंबऱ्याएवढ्या उंचीवर पायरी जोडून दिली, वर धरायला दांडा. पैसे घेईना. अक्काच्या हातची भाकरी पलटणीत असताना खाल्लीय म्हणाला, मी सुट्टीवरनं नेत होतो ती.

५ मार्च
आरटीओचं झालं. तपासलं, फिरवून बघितलं, कागदावर चढवलं.

८ मार्च
गेलो. मी आणि मंगल. ओढ्यापाशी थांबलो. चारी चाकांवर घेतली, हळूच सोडली. मागचं चाक दगडावर चढलं, पाटा वाकला, सरळ झाला, आणि आम्ही पलीकडं. चढ पण चढला. थेट अक्काच्या दारात, शेरडं बाजूला पळाली.
अक्का काठी टेकत आली. गाडीला वळसा घातला. चाकाला हात लावून हलवून बघितलं. मग पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला, बसली. उतरली. परत बसली. मी म्हटलं, चल तर मग आजच, फोटो काढून येऊ. तर म्हणाली, "आता तुझी गाडी हितवर येतीया. मग मी खाली कशाला यायचं? तूच येत जा की."
मंगल तोंडाला पदर लावून हसत होती. मी महिनाभर गाडीखाली लोळलो, ते तिला तिथंच ठेवायला.

१५ मार्च
परत गेलो. पेंड नेली, पाण्याचे कॅन नेले. काळीला दोन करडं, एक माझ्या मांडीवर मुतलं. जेवण करून निघालो. निघताना अक्का अवघडून उभी होती, गुडघा धरून. मी बघितलं हे तिनं बघितलं.
रस्त्यात मंगल म्हणाली, आता दर आठवड्याला यायचं. मलाही तेच म्हणायचं होतं.

२० मार्च
सकाळी अक्काचाच फोन. "येऊन ने. फोटू काढू. फोटूच फक्त."
शेरडं शेजारच्या धनगराच्या वाड्यात सोडली. ओढा उतरताना तिनं माझा दंड धरला. पलीकडं गेल्यावरही सोडला नाही.

२२ मार्च
डॉक्टर म्हणाले दोन्ही गुडघे झिजलेत, ऑपरेशन करा, मग काही आठवडे खालीच राहावं लागेल. अक्कानं एकच विचारलं, शेरडांमागं फिरता येईल का. हळूहळू येईल म्हणाले. घरी येताना सगळा रस्ता फोटोंचं पाकीट मांडीवर धरून बसली. सध्या आमच्याकडंच राहिलीय.

२७ मार्च
उद्या ऑपरेशनसाठी दवाखान्यानं बोलावलंय. तिनं हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. दुपारभर मंगलबरोबर शेवया वळत बसली. दोघी कशावर तरी हसत होत्या. मी गेलो की थांबायच्या.

२८ मार्च, सकाळ
उठलो तर अक्का जीपमध्ये पुढं बसलेली. आंघोळ करून, धुतलेलं लुगडं, पिशवी मांडीवर. स्वतःची स्वतः चढली. मंगल कुलूप लावतीय तोवर हे लिहितोय. इंजिन चालू आहे. फाटकाबाहेर एकीकडं दवाखाना, दुसरीकडं औंधाची, तिच्या वस्तीची वाट. विचारलं, अक्का, कुठं घेऊ?
"फाटकाभाईर तर काढ, बापू. मग सांगते."