सोबत नातेवाईक हवा

कोथरूड, पुणे
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय मैत्रीताईस,
सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. अमरावतीला थंडी पडली असेल. इथे सकाळी गॅलरीत धुकं येऊन बसतं, समोरची सोसायटी दिसेनाशी होते आणि वाटतं, आपली झोप अजून संपलेलीच नाही. मला ते फार आवडतं. तब्येत ठीक आहे. म्हणजे, रक्तदाब ठीक आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या क्लिनिकमधल्या भर बैठकीत तू विचारलंस, "मनाचा डॉक्टर झालास की बुवा? बाबांनी आपलं घर ज्या अंगारे-धुपाऱ्यातून बाहेर काढलं, त्यातच लोकांना ढकलतोस?" राग आला, कारण ते खरं होतं.

गुरुवारच्या त्या बैठकीत मानसशास्त्र आणि सूक्ष्म देह मी एकाच ताटात वाढायचो. ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांना सांगायचो, भांडू नका, त्याला बसायला खुर्ची द्या, वरच्या पातळीवरचा मार्गदर्शक असेल. रिसेप्शनवरच्या नंदाताई विचारायच्या, "सर, आज दिसणारे किती आणि न दिसणारे किती? चहा सांगायचाय."

भाग्यश्री नावाच्या पेशंटने हे ऐकून गोळ्या सोडल्या. मी सोड म्हटलं नव्हतं. घे असंही म्हटलं नाही. आता ती ॲडमिट आहे. तिचा भाऊ माझ्यासमोर बसून नुसता रडला. बैठक बंद केली.

ताई, दोन महिने झाले, आई माझ्याशी बोलते. धुक्यातून. "अभ्या, जेवला का बापा?" इतकं गोड, की मी उत्तर देतो. तिला जाऊन पाच वर्षं झाली हे मला कळतं. दुसरा कोणी असता तर दोन मिनिटांत गोळी लिहिली असती. माझ्यासाठी हात उचलत नाही. गोळीने ती गप्प होईल ना.

पण परवा ती म्हणाली, भाग्यश्रीच्या गोळ्या बंदच राहू दे. आपली आई असं म्हणेल? तुझ्या टायफॉइडमध्ये नाक दाबून औषध पाजणारी?

दोन डिसेंबरला सकाळी अकराची मनोविकारतज्ज्ञ डॉ. पूर्णिमांची वेळ घेतली आहे, माझ्यासाठी. पहिल्या भेटीला सोबत नातेवाईक हवा, हे वीस वर्षं मीच लोकांना सांगत आलो. मला तूच आहेस. येशील?

आत्ता ती खांद्याशी उभी आहे. म्हणते, "टाकू नको ते पत्र." ती होती तोवर तिचा शब्द कधी मोडला नाही. आज मोडतो आहे, आणि मला फार भीती वाटते आहे.

नावामागे डॉक्टर न लावता,
तुझा अभ्या