फोनवरचं स्पोकन इंग्लिश

४ ऑगस्ट १९९७
नंबर लावून सात वर्षांनी घरी फोन आला. फोनवरून स्पोकन इंग्लिश शिकवणारा उंब्रजमधला पहिला शिक्षक मीच. स्टाफरूममध्ये प्रशांत सर म्हणाले, तोंड दिसल्याशिवाय बोलणं कसं शिकवणार? जुने विचार. तोंड दिसत नाही हाच तर फायदा. पुस्तक उघडं ठेवता येतं.

६ ऑगस्ट, संध्याकाळी ५
पहिली विद्यार्थिनी! आष्ट्याच्या हरणाबाई, माझ्या मावसबहिणीच्या जाऊबाई. नवरा फौजेत सुभेदार, पोस्टिंग झाशी. दिवाळीनंतर यांना तिकडे क्वार्टरमध्ये राहायला जायचंय. म्हणाल्या, "सर, तितल्या बायका इंग्लिश बोलत्यात म्हणं. मला नुसती मान हलवत बसायचं न्हाई." तीन महिन्यांत फाडफाड बोलाल, असा शब्द दिला.
आजपासून घरातही फक्त इंग्लिश.

६ ऑगस्ट, जेवताना
वरणाला शब्द सापडेना. घरातलं इंग्लिश सोमवारपासून.

१९ ऑगस्ट
हरणाबाईंनी एसटीडी बूथवरून विचारलं, 'कुकरची शिट्टी व्हईना' हे कसं सांगायचं? लाईन खराब आहे म्हणून फोन ठेवला. थोडी खराब होतीच.

१२ सप्टेंबर
बारा काळ समजावले. चाळीस मिनिटं, मराठीत. शेवटी त्या म्हणाल्या, "सर, मी कवा बोलू?" फार घाई करतात.

३ ऑक्टोबर
तीन आठवडे फोन नाही. पाया पक्का झाला असणार.

२० नोव्हेंबर
परस्पर झाशीला गेल्या. साधा निरोप नाही. प्रशांत सरांनी चौकशी केली. कोर्स पूर्ण झाला म्हणालो.

११ जानेवारी १९९८, रविवार
सकाळी फोन. कोणी बाई भराभर इंग्लिश बोलत होती. मी 'येस, येस, राँग नंबर' म्हणून ठेवला. पुन्हा वाजला. "आवं सर, मी हरणाबाई!"
थक्क झालो. कसं जमलं विचारलं. म्हणाल्या, "शेजारणीसंगं चुकत चुकत बोलले. त्या हसल्या, मी बी हसले. पर थांबले न्हाई." आता क्वार्टरमधल्या नव्या चौघींना त्याच शिकवतात. अभिमान वाटला.
मग म्हणाल्या, "सर, दर रविवारी फोन करू का? तुमास्नी बी बोलायचा सराव व्हईल."
त्यांचं मन मोडवेना. हो म्हटलं.
होमवर्क: 'माय हाउस', पाच वाक्यं. दोन झाली.