कोणता नांगर

४ जुलै
लाज नाही मोतीराम भाऊजीले! सख्खा भाऊ लकव्यानं पलंगाले खिळला, अन् हा शाईचं पॅड खिशात घालून अकोल्याले आला. बार्शीटाकळीचं वावर विकाचं म्हणे. दोघा भावायच्या नावावर हाय, म्हणून आमच्या यायचा आंगठा पायजे. मी म्हटलं, मेल्या माणसाचा घेतेत तसा घेता का? तर म्हणे, "वयनी, दादाले इचारा तर खरं."
इचारलं. लकवा झाल्यापासून यायच्या तोंडात एकच शब्द उरला. तोच बोलले — "नांगर."
आयकलं का? म्हटलं. वावर नांगराचं म्हणून राहिले, विकाचं नाही. जा आता!
गेला तनफन करत.

७ जुलै
यायले जहाज पायजे, बोट दाखवून राहिले. पलंगाजवळ आणून ठेवलं. नेवीत होते तवाच्या त्यायच्या लढाऊ जहाजाची नक्कल, हातभर लांब. रिटायर झाल्यापासून करून राहिले होते. तोफा लागल्या, वरचं बारीक सामान राहिलं. अन् उजवा हात मेला. म्हणून मी बसली. माह्या हाताले भाकरी थापाची सवय!
पुठ्ठ्याचा एक माणूस कापून ठेवला हाय यायनं, तांदळाच्या दाण्याएवढा. तो जहाजावर उभा करून सारं मोजाचं. कठडा त्याच्या कमरेले लागला पायजे. माहा लागला गळ्याले. यायनं डाव्या हातानं टिचकी मारून पाडला सारा!
म्हटलं, उंच हाय तर पडणार नाही न तुमचा पुठ्ठ्या. हसले. अर्ध्या तोंडानं.

१३ जुलै
कठड्याले टाचण्यायचे खांब जमले. पण वरून ओढाले शिलाईचा दोरा त्या माणसापुढं दोरखंड दिसे. यायची मान — नाही, नाही. मले आला राग. डोक्यातला एक केस उपटला अन् ताणला. बसला! पिकलेला होता, जहाजबी राखाडीच.

२१ जुलै
नांगर, नांगर, नांगर. दिवसभर. हो बाप्पा, नांगरलं! कपाशीची पऱ्हाटी उगवून आली. किती खेपा सांगू?

२७ जुलै
पोरगी आली अमरावतीहून, रागिणी. मी लहानशा होड्या चिपकवून राहिली होती. यायनं मनगट धरलं अन् माहा हात ओढत जहाजाच्या नाकापाशी नेला. तिथं दोन्हीकडं एकेक भोक. "नांगर."
रागिणी म्हणे, "आई, जहाजाले बी नांगर रायते! अँकर. जहाज थांबवाले पाण्यात टाकतेत."
"पाण्यात काय पेरतेत?" म्हटलं मी.
रागिणी पोट धरून हासली. मंग माह्या तोंडाकडं पाहून हासू आवरलं.
म्हणजे वावराचं यायनं काही म्हटलंच नाही. मीच म्हटलं. अन् त्या मोतीरामले कुत्र्यासारखं हाकललं.

२८ जुलै
फोन केला. "भाऊजी, गलती माही. ते जहाजाचं बोलत होते." तो म्हणे, "दादाचं जहाज झालं का पुरं?" म्हटलं, नांगर तेवढा राहिला.

३ ऑगस्ट
ब्लाउजचे दोन हूक पाठीले पाठ लावून नांगर केला. साखळी माह्या तुटक्या कानवेलाची. भोकातून ओवून लटकवला. म्हटलं, घ्या तुमचा नांगर!
पाह्यला. पुठ्ठ्याच्या माणसाले बोटानं कठड्यापाशी सरकवलं. केसावर बोट फिरवलं, हळू. मंग माहा हात धरला अन् पुन्हा तेच — "नांगर."
अहो, लागला न आता! कोणता नांगर?
हात सोडलाच नाही. चुलीवर दूध उतू गेलं.

६ ऑगस्ट
गेले. सकाळी. च्या कपातच राहिला.

१९ ऑगस्ट
काल तेरवी झाली. मोतीराम भाऊजी जहाजापुढं बसून रडला. मंग म्हणे, "वयनी, आता सही तुमची. पोळ्याले येतो. तुमी म्हणान तसं."
मी काय म्हणू? अहो, तुमीच आयका. वावराचं मनात होतं का नव्हतं? अन् शेवटी माहा हात धरून म्हटला, तो नांगर कोणता? बैलायच्या खांदमळणीच्या दिवसापर्यंत सांगा. सपनात या, कसेबी या. दुसऱ्या दिवशी पोळा हाय, मोतीराम दारात उभा राहीन.
एकच शब्द चालन. पण आता दुसरा पायजे.